नदीतून वजा

ऑक्टोबर २००४. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचं पार खालचं टोक, साउथलँड. तिथल्या वायाऊ नदीच्या खालच्या पात्रात दगडांवर तपकिरी थर सापडला. शास्त्रीय नाव डिडिमोस्फेनिया जेमिनाटा, सुटसुटीत नाव डिडिमो, आणि मासे पकडणाऱ्यांच्या तोंडचं नाव 'रॉक स्नॉट', म्हणजे दगडाचा शेंबूड. मूळ उत्तर गोलार्धातल्या थंड पाण्याचं हे शेवाळ दक्षिण गोलार्धात असं ठाण मांडून बसल्याची ही पहिली खात्रीची नोंद. वर्षभरात ते ब्युलर, ओरेती, क्लुथा, हावेआ या नद्यांत पोचलं. डिसेंबर २००५ मध्ये सरकारने अख्खं दक्षिण बेट नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. आज तिथल्या दीडशेच्या वर नद्यांत ते आहे, आणि एकाही मोठ्या नदीतून त्याला हुसकून लावता आलेलं नाही.

काय आलं ते पुष्कळ जणांनी लिहून ठेवलं आहे. त्याच्यापायी किंवा त्याच्या आसपास काय काय गेलं, जातं आहे, त्याची ही टिपणं. यादीत काही वस्तू आहेत, काही जीव, काही सवयी आणि एक-दोन पक्क्या समजुती.

१. उघडा दगड

दक्षिण बेटावरच्या नद्यांचं पात्र म्हणजे करड्या गोट्यांचा पसारा. पाणी इतकं नितळ की पुरुषभर खोलीवरचा गोटाही काठावरून दिसावा. डिडिमो आला की पहिला जातो तो हा दिसणारा दगड.

डिडिमो हा डायटम, म्हणजे सिलिकाच्या काचेरी कवचात राहणारा एकपेशीय जीव. पेशी मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याएवढी. डायटमांच्या जगात हा धिप्पाडच. तिच्या निमुळत्या टोकाशी बारीक छिद्रांचा पुंजका असतो. त्यातून चिवट देठ बाहेर पडतो आणि दगडाला धरतो. पेशी दुभंगली की देठालाही फाटा फुटतो. दोनाचे चार, चाराचे आठ. जिवंत पेशी वरच्या शेंड्यांना, आणि खाली सगळे देठच देठ. हा थर वीस सेंटिमीटरहून जाड होऊ शकतो.

नाव शेंबडाचं असलं तरी हाताला तो बुळबुळीत लागत नाही. ओली घोंगडी चाचपावी तसा भरड लागतो. ओढला तर सहजी सुटत नाही. पाणी उतरलं की काठावर वाळून पांढुरका होतो आणि दगडांना टॉयलेट पेपर अडकल्यासारखा दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याची खात्रीच पटते की कुणीतरी वर गटार सोडलं आहे.

२. दगडाखालचे रहिवासी

चांगल्या नदीतला गोटा उलटा केला की खालच्या बाजूला धावपळ उडते. मेफ्लायची अळी चपट्या अंगाने दगडाला चिकटून सरकते. दगडावरचा पातळ, नेहमीचा शेवाळी थर खरवडणं हेच तिचं जेवण. न्यूझीलंडच्या नद्यांत डेलिएटिडियम नावाची मेफ्लाय घरोघरी, म्हणजे दगडोदगडी. शेजारी कॅडिसची अळी. ती तोंडातून रेशीम काढते, वाळूचा एकेक कण त्याने सांधते आणि आपल्या अंगाच्या मापाची नळी बांधते. घर मागे ओढत चालते, धोका वाटला की आत शिरते.

डिडिमोचा जाड थर बसला की या मंडळींना पाय ठेवायला दगडच उरत नाही. गंमत अशी, की अशा नदीतले जीव नुसते मोजले तर संख्या बहुधा वाढलेली निघते. वाढतात ते बारीक चिलटांच्या अळ्या आणि किडे. मोठ्या मेफ्लाय कमी होतात. कागदावर नदी भरभराटीला आलेली, आणि माशाच्या ताटात मात्र चुरा. दक्षिण बेटावरच्या ओढ्यांचा अभ्यास झाला तेव्हा डिडिमो दाट असलेल्या ठिकाणी माशांचं एकूण वजन खूपच कमी आढळलं.

३. वायाऊचा पूर

वायाऊ पहिली सापडली यात दैवाचा भाग असेल, पण नदीची तब्येत आधीच बिघडलेली होती. पाण्याच्या हिशेबात ही एकेकाळी देशातली दुसऱ्या क्रमांकाची नदी. मग मनापौरी सरोवराच्या पाण्यावर वीज करायचं ठरलं. कोयनेचं पूर्वेला निघालेलं पाणी जसं बोगद्यांनी पश्चिमेला उतरवलं आणि वीजघर डोंगराच्या पोटात बसवलं, तसंच तिथेही झालं. साधारण त्याच जमान्यात, १९६० च्या दशकात काम सुरू झालं. सरोवराचं पाणी भूमिगत वीजघरातून डाउटफुल साउंड नावाच्या समुद्राच्या खाडीत जाऊ लागलं, वीज टिवाय पॉइंटच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला मिळू लागली, आणि खालच्या वायाऊला उरलं ते मूळ पाण्याच्या मानाने फारच थोडं.

त्याबरोबर नेहमीचे पूरही गेले. पूर येतो तेव्हा गोटे गडगडतात, एकमेकांवर घासतात आणि अंगावरचं सगळं खरवडून निघतं. नदी आपलं पात्र घासायची ती अशी. धरणाखालचं सपाट, एकसारखं, थंड पाणी डिडिमोला मानवतं. आता मनापौरीच्या बंधाऱ्यावरून अधूनमधून मुद्दाम लोंढा सोडतात, थर निघावा म्हणून. निघतोही. काही आठवड्यांत पुन्हा धरतो. पूर्वी फुकट होणारं काम आता वेळापत्रक लावून, विजेचा तोटा सोसून करावं लागतं.

४. फेल्टचा तळवा

नदीत उतरून गळ टाकणारे हौशी लोक छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख घालतात, त्याला वेडर म्हणतात. त्याखालच्या बुटांना वर्षानुवर्षं फेल्टचा तळवा असे: दाबून घट्ट केलेल्या धाग्यांचा बोटभर जाड थर. ओल्या, निसरड्या दगडावर त्याच्याइतकी पकड दुसऱ्या कशाची नाही, असं जुने लोक अजून शपथेवर सांगतात.

पण तो थर पाणी पितो आणि दिवसचे दिवस धरून ठेवतो. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते आणि ओलीत पेशी. थंड, अंधाऱ्या, दमट जागी डिडिमो नदीबाहेर चाळीस दिवस तग धरू शकतो असं न्यूझीलंडमधल्या प्रयोगांत दिसलं. चाळीस दिवसांत माणूस सुट्टी संपवून घरी जातो, दुसऱ्या देशात दुसरी सुट्टी सुरू करतो.

२००८ मध्ये न्यूझीलंडने मासेमारीच्या नियमांतून फेल्टचे तळवे बाद केले. अमेरिकेत मेरीलँड आणि व्हरमाँट या राज्यांनी २०११ मध्ये तोच रस्ता धरला, पाठोपाठ अलास्काने. आता रबराचे तळवे आले, त्यांना धातूचे खिळे. लोक घसरले, चिडले, आणि मग सवय झाली. आता फेल्टचे बूट कुणाच्या तरी गॅरेजच्या फळीवर पडून असतात.

५. ओल्या बुटांची मुभा

सकाळी एका नदीवर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी मन लागलं तर तिसऱ्या. गाडीच्या डिकीत ओले बूट, ओली जाळी, ओला कुत्रा. कयाक टपावर. हे दक्षिण बेटावरच्या सुट्टीचं ठरलेलं रूप होतं, आणि त्यात गैर काही आहे असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता दोन नद्यांच्या मध्ये एक नियम उभा आहे. तपासा, धुवा, वाळवा. बुटात, जाळीत अडकलेला गोळा दिसला तर तो तिथेच टाका. घरी आल्यावर दिसला तर कचऱ्याच्या पेटीत, मोरीत नाही. मग धुणं: भांडी घासायचा पातळ साबण ५०० मिलिलिटर, त्यात पाणी घालून १० लिटर करायचं आणि सामान निदान एक मिनिट भिजवायचं. किंवा ६० अंशांचं गरम पाणी एक मिनिट, ४५ अंशांचं असेल तर २० मिनिटं. पाणी शोषणाऱ्या वस्तूंना जास्त वेळ, कारण औषध गाभ्यापर्यंत पोचायला हवं. आणि वाळवणं: आतून-बाहेरून हाताला कोरडं लागलं की तिथून पुढे ४८ तास. लोक चुकतात ते इथेच. कोरडं लागलं म्हणजे झालं असं नाही. तिथून मोजायला सुरुवात.

जाणूनबुजून हा जीव पसरवला तर तिथल्या १९९३ च्या जैवसुरक्षा कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि एक लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा जबर आहे, पण साबणाच्या बादलीने जेवढं काम केलं असेल तेवढं तिने केलं असेल असं वाटत नाही.

६. औषधाची आशा

पहिली काही वर्षं सगळ्यांना वाटत होतं की काहीतरी फवारलं की हे जाईल. शेतकऱ्याला तणनाशकाची सवय, शहरी माणसाला फिनेलची. तांब्याचं एक संयुग प्रयोगशाळेत आणि ओढ्यात वापरून पाहण्यात आलं. डिडिमो मेला. पण वाहत्या पाण्यात सोडलेलं तांबं एकट्या शेवाळाला ओळखत नाही. मासे, किडे, खालच्या गावांचं पाणी, सगळेच त्याच्या वाटेत येतात. शिवाय एक पेशी शिल्लक राहिली की पुन्हा पहिला दिवस. दीडशे नद्या, त्यांचे फाटे, फाट्यांचे ओढे. औषधाचा नाद सुटला तो बरा झाला. तेव्हापासून एकच उपाय शिल्लक आहे, आणि तो नदीत करायचा नाही. नदीत उतरण्याआधी करायचा.

७. नितळ म्हणजे निरोगी, ही समजूत

आपल्याकडे शेवाळ, जलपर्णी, हिरवट तवंग दिसला की निदान ठरलेलं: पाण्यात सांडपाणी आलं, साबण आला, शेतातलं खत आलं. पुण्याच्या मुळा-मुठेला हे निदान चपखल बसतं. खाणं जास्त झालं की वाढ जास्त.

डिडिमोने हा हिशेब उलटा केला. तो दाट वाढतो ते देशातल्या सगळ्यात स्वच्छ पाण्यात, जिथे विरघळलेला फॉस्फरस लिटरमागे दोन मायक्रोग्रॅमच्याही खाली असतो. बरीच वर्षं शास्त्रज्ञांना याचा उलगडा होईना. मॅक्स बॉथवेल, कॅथी किलरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून उत्तर काढलं. सूर्यप्रकाश भरपूर असतो, पेशी साखर बनवत राहते. पण फॉस्फरस नसला की तिला दुभंगता येत नाही. मग जादाचा सगळा माल देठात जातो. देठ लांबत राहतात, थर जाडावतो. पाण्यात फॉस्फरस घातला की पेशी झपाट्याने वाढतात, पण देठ आखूड होतात.

म्हणजे दगडावरचं ते घोंगडं उपाशी पेशीने विणलेलं असतं. नदी नितळ दिसते आहे तोवर चिंता नाही, असं म्हणण्याची सोय त्या दिवसापासून संपली.

८. समुद्रातून येणारं खत

उत्तर अमेरिकेच्या नद्यांत सामन मासा समुद्रातून उलटा चढून येतो, अंडी घालतो आणि पॅसिफिकच्या बाजूच्या जाती तिथेच मरतात. त्याचं कलेवर नदीत कुजतं. समुद्रात वर्षानुवर्षं खाऊन साठवलेला फॉस्फरस असा डोंगरातल्या ओढ्यापर्यंत पोचतो. दरवर्षी हजारो मासे हे खत स्वतःच्या अंगावर वाहून आणत.

सामन कमी झाले, तशी ही आवकही कमी झाली. २०१४ मध्ये बॉथवेल आणि सहकाऱ्यांनी उत्तरेकडच्या नद्यांत फॉस्फरस का घटत असावा याच्या शक्यता मांडल्या, त्यात ही एक आहे. बाकीच्या: इंधनं जाळून हवेतून जमिनीवर पडणारा नायट्रोजन, त्यामुळे झाडोरा आणि माती फॉस्फरस घट्ट धरून ठेवतात, जंगलांना दिलेली नायट्रोजनची खतं, आणि तापमानवाढीने लवकर वितळणारा बर्फ, लांबलेला वाढीचा हंगाम. एवढ्या मोठमोठ्या गोष्टी, आणि त्यांचा परिणाम दिसतो तो गोट्यावर.

९. सोपा आरोपी

व्हॅंकुव्हर बेटावर डिडिमोचे दाट थर १९८० च्या दशकाच्या शेवटी दिसू लागले. फेल्टचे तळवे लोकप्रिय झाले तेही त्याच सुमारास. बॉथवेल यांनी २००९ मध्ये याची सांगड घालणारा लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच मासे पकडणाऱ्यांचे बूट होते. आरोपी सापडला होता. लोकांना असा आरोपी आवडतो: त्याला चेहरा असतो, परवाना असतो आणि त्याला दंड करता येतो.

नंतर कॅनडातल्या क्युबेक प्रांतात तळ्यांच्या तळाचा गाळ उपसून थर तपासले गेले. तिथे मॅटापेडिया नदीत २००६ मध्ये डिडिमोने कहर केला होता. पण त्याची कवचं गाळाच्या कितीतरी जुन्या थरांतही निघाली. तो तिथे आधीपासून होता. बदललं होतं पाणी. बॉथवेल यांनी स्वतःच २०१४ मध्ये ही नवी बाजू मांडली. २०१६ मध्ये व्हरमाँटने फेल्टवरची बंदी उठवली.

न्यूझीलंडचं प्रकरण निराळं. तिथे तो खरोखरच बाहेरून आला, बहुधा उत्तर अमेरिकेतून आणि बहुधा कुणाच्या तरी मासेमारीच्या सामानातून. एकाच जीवाला एका देशात पाणी कारण, दुसऱ्या देशात बूट. दोन्ही खरं. ज्यांना एका ओळीत उत्तर हवं होतं त्यांची पंचाईत झाली.

१०. उपोकोरोरो

ट्राउट मासा उपाशी राहिला म्हणून डिडिमोविरुद्ध सगळ्यात जास्त ओरड ट्राउट पकडणाऱ्यांनी केली. हा ट्राउट कुठला? ब्राउन ट्राउटची अंडी १८६७ मध्ये टास्मानियातून न्यूझीलंडला आणली गेली. टास्मानियात ही जात त्याआधी तीन वर्षं इंग्लंडहून बर्फात घालून आणलेल्या अंड्यांतून आली होती. रेनबो ट्राउट १८८३ मध्ये कॅलिफोर्नियातून आला. दोन्ही सन्मानाने आणलेले, सोडलेले, वाढवलेले.

तिथल्या मूळच्या माशांना हे पाहुणे महागात पडले. खवले नसलेले, हाताच्या बोटाएवढे गॅलॅक्सियस जातीचे मासे अनेक ओढ्यांतून नाहीसे झाले आणि ट्राउट चढू शकत नाही अशा धबधब्यांच्या वर उरले. उपोकोरोरो, इंग्रजीत न्यूझीलंड ग्रेलिंग, हा तर संपलाच. एकेकाळी झुंडींनी पोहणारा हा मासा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसेनासा झाला. ट्राउट हे त्याच्या कारणांपैकी एक मानलं जातं, जंगलतोडही आहे. १९५१ मध्ये त्याला कायद्याने पूर्ण संरक्षण मिळालं. तोवर संरक्षण द्यायला मासा राहिला नव्हता.

डिडिमोच्या यादीत ही नोंद कशाला, असं कुणी विचारेल. घुसखोर कुणाला म्हणायचं आणि पाहुणा कुणाला, हे नदीने ठरवलेलं नव्हतं, एवढ्याचसाठी.

११. व्हिओ

निळसर करड्या रंगाचं बदक. जगात फक्त न्यूझीलंडमध्ये. तिथल्या दहा डॉलरच्या नोटेच्या मागे याचंच चित्र आहे. बहुतेक बदकं संथ पाण्यात राहतात. हे डोंगरातल्या फेसाळ ओढ्यात. चोचीच्या टोकाला मऊ, रबरी ओठासारखी कड असते, म्हणजे दगड खरवडताना चोच झिजत नाही. खाणं काय, तर वर दुसऱ्या क्रमांकात आलेल्या त्याच मेफ्लाय आणि कॅडिस.

व्हिओंची संख्या आज काही हजारांत आहे, आणि तीही तीन हजारांच्या आत. त्यांचा मोठा वैरी डिडिमो नव्हे. युरोपातून आणलेला स्टोट, मुंगसाच्या चणीचा शिकारी, अंड्यांवरच्या माद्या मारतो. सापळे लावून त्याला आवरण्याचं काम बरंच पुढे गेलं आहे. पण सापळा स्टोटसाठी असतो. दगडावरचं जेवण गेलं तर त्याला कुठला सापळा लावणार?

१२. गळाची स्वच्छ दोरी

डिडिमोचा एक भाऊबंद तळ्यांत आला आहे. लिंडाविया इंटरमीडिया, हाही डायटम. वनाका सरोवरात २००४ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की खोल पाण्यात टाकलेली मासेमारीची दोरी वर ओढली की तिला चिकट पांढरट धागे लगडलेले असतात. तिथे याला लेक स्नो म्हणतात. पुढे हावेआ आणि वाकाटिपू या सरोवरांतही तो आढळला. वाकाटिपू म्हणजे क्वीन्सटाउनचं सरोवर. आपले पर्यटक बोटीत बसून फोटो काढतात तेच.

वरून काही दिसत नाही. फोटोत सरोवर निळंशार. कळतं ते बोटीच्या इंजिनाच्या गाळणीला, नळाच्या गाळणीला, वॉशिंग मशीनला. गाळण्या तुंबतात, धुवाव्या लागतात. काही गोष्टी जातात तेव्हा त्यांची बातमी आधी प्लंबरला लागते.

१३. अंतराची भिंत

न्यूझीलंड जगापासून लांब, आणि लांब असणं हेच त्याचं संरक्षण होतं. जहाजाच्या दिवसांत ओले बूट वाटेतच वाळून जात. विमानाने ते दिवस संपवले. आज सकाळी अलास्काच्या पाण्यातून निघालेला माणूस एक-दोन दिवसांत साउथलँडच्या पाण्यात उतरू शकतो.

२०१० मध्ये चिलीच्या दक्षिणेला, पॅटागोनियाच्या नद्यांत डिडिमो सापडला. मग पलीकडे अर्जेंटिनात. तिथेही नितळ थंड पाणी, तिथेही परदेशी गळवाले. विषुववृत्ताचं कोमट पाणी या जीवाला स्वतःहून ओलांडता आलं नसतं. त्याला ते कुणीतरी ओलांडून दिलं.

१४. जे अजून गेलेलं नाही

उत्तर बेट. वीस वर्षं उलटून गेली तरी तिथल्या एकाही नदीत डिडिमोने घर केलेलं नाही. दक्षिण बेटावरच्या पिक्टनहून उत्तर बेटावरच्या वेलिंग्टनला बोटीने साडेतीन तास लागतात. त्या बोटीतून दरवर्षी किती ओले बूट गेले असतील याचा अंदाज करावा, म्हणजे या एका ओळीचं वजन कळेल. उत्तर बेटावरच्या टोंगारिरो नदीतल्या दगडांना अजून दगडाचा रंग आहे.

यात माणसाचं श्रेय किती? पूर्ण नाही. उत्तर बेट ज्वालामुखींचं. तिथल्या खडकांतून पाण्यात फॉस्फरस जास्त उतरतो. पेशी पोचली असती तरी दक्षिणेसारखा थर बसला नसता, असं मानायला जागा आहे. पण रसायनाचा हा आधार एकट्या डिडिमोपुरता. मे २०२३ मध्ये उत्तर बेटावरच्या वायकाटो नदीत गोल्डन क्लॅम हा आशियाई शिंपला सापडला. त्याला फॉस्फरसचं काही देणंघेणं नाही. एकटा शिंपलाही स्वतःच्या जोरावर प्रजा वाढवू शकतो आणि पाण्याचे पाइप तुंबवू शकतो. त्याला अडवायला सरकारने लोकांना काय सांगितलं? तेच. तपासा, धुवा, वाळवा. डिडिमोसाठी लावलेली सवय तयार होती, तीच वापरायला काढली.

ही सवय लावायला एक नदी गमवावी लागली, मग दीडशे. दुसऱ्या बेटाला ती आयती मिळाली.

१५. आपल्या बॅगेतलं

महाराष्ट्रातल्या नद्यांना डिडिमोची भीती नाही. आपलं पाणी त्याला फार कोमट. पण तो भारतात मुळातच आहे. हिमालयातल्या थंड नद्यांत त्याचा चांगला वावर असल्याचं संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. तिथे तो परका नाही आणि बदनामही नाही. मे महिन्यात हिमाचल-उत्तराखंडच्या ट्रेकला गेलेला पुण्या-मुंबईचा माणूस ओढे ओलांडतो, तेव्हा त्याच्या बुटाला तो लागू शकतो. तोच माणूस दिवाळीच्या सुट्टीत ऑकलंडला लेकीकडे जातो, बरोबर तेच बूट, कारण ते पायाला बसलेले असतात.

न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या पत्रकात विचारलेलं असतं: ट्रेकिंगचे बूट, तंबू, मासेमारीचं किंवा पाण्यात वापरलेलं सामान आहे का? आपली मंडळी लोणच्याच्या बरणीची काळजी करतात आणि बुटांच्या रकान्यात 'नाही' लिहून मोकळी होतात. लिहा 'हो'. अधिकारी बूट बघतात, वाटलं तर नेऊन धुऊन आणून देतात, आणि त्याचा दंड नसतो. लपवलेलं निघालं तर जागेवर ४०० डॉलर.

त्याहून सोपं म्हणजे घरूनच करून जाणं. ट्रेकहून आल्यावर बूट आणि काठीचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवा, तळव्याच्या खाचांतली माती जुन्या टूथब्रशने काढा, नाड्या आणि आतले सोल वेगळे भिजवा. मग गच्चीत उन्हात ठेवा. हाताला कोरडे लागले की आणखी दोन दिवस तिथेच राहू द्या, आणि मगच बॅगेत भरा.